समासात थोडी जागा

स्टेशनरीच्या दुकानात स्क्रॅपबुकचं सामान मागितलं, की दुकानदार सगळ्यात आधी फुलपाखरं काढतो. मग लाल बदाम, चमकीच्या बाटल्या, मण्यांच्या पट्ट्या आणि सोनेरी अक्षरांतलं 'हॅपी मेमरीज'. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरलात तरी क्रम हाच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे तरुणपणचे फोटो लावायचे आहेत, असं सांगून पाहा. तो त्याच फुलपाखरांचा जरा गडद रंगातला पुडा पुढे सरकवील.

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, धंदा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगीत शिळाछापाची चित्रं, म्हणजे देवदूत, गुलाब, गुबगुबीत पोरं, आकारात कापून तावांवर विकली जात आणि घरोघरच्या चिकटवह्या त्यांनी गच्च भरत. मार्क ट्वेनला या छंदाची भारी हौस. त्यानं १८७३ साली चक्क पेटंट घेतलं, ते आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचं. गोंद ओला करायचा, कात्रण दाबायचं, बोटं बरबटत नाहीत. कसं चिकटवावं हे त्यानं सोपं केलं. काय चिकटवू नये, ते ज्याचं त्यानं बघायचं राहिलं.

मोठ्यांचं पान आणि पोरसवदा पान यांतला फरक माझ्या मते रंगांत नाही. गुलाबी पानही भारदस्त असू शकतं आणि काळं-पांढरं पान बालिश. पोरसवदा पान बघणाऱ्यावर विश्वास टाकत नाही. आजी हसते आहे हे फोटोत दिसत असताना शेजारी हसरा चेहरा चिकटवतं, खाली 'गोड आजी' लिहितं, वर दोन बदाम. बघणाऱ्याला करायला काही उरतच नाही. अशी वही लोक भराभर उलटतात, 'छान हं' म्हणतात आणि चहाकडे वळतात.

सजावट वाईट असते असं मात्र नाही. ती कुठे गोळा करायची, एवढाच प्रश्न. तो मला सुटला इरकल लुगड्याकडे बघताना. अंगभर शांत, गडद रंग, फार तर बारीक चौकडा. काठाला ठाम रेघ. आणि सगळी हौस पदरात. पानाचंही तसंच करावं. बारा इंची चौकोनी पानावर एक फोटो आणि फार तर एक कागद, सजावट एका कडेला, बाकी अंग मोकळं. आणि रंग फोटोतूनच उचलावा. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोला तपकिरी झाक आलेली असते; त्या फोटोखाली पांढराशुभ्र कागद ठेवला तर फोटो मळका दिसतो, मातकट कागदावर तोच उजळतो.

एक पान दाखवतो. फोटो चौकोनी, ॲग्फा क्लिकनं काढलेला. हा कॅमेरा तेव्हा बडोद्याला बनत असे आणि एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी घरात चर्चा व्हायची. फोटोत काका सायकलला रेलून उभे आहेत, केसांचा कोंबडा नीट बसवलेला. कॅरिअरवर आत्या, दोन वेण्या, नजर कॅमेऱ्याकडे नाही. डावीकडे कडेला एक हात आणि अर्धी टोपली आली आहे, शेंगदाणेवाला असावा. हा हात कापून टाकावा असं कुणालाही वाटेल. कात्री आवरावी. त्या अर्ध्या टोपलीमुळेच तो फोटो स्टुडिओतला न राहता रस्त्यावरचा होतो, आणि आत्या नक्की कुठे बघते आहे तेही कळतं.

हा फोटो मी उजवीकडे, मध्याच्या थोडा खाली लावला. खाली एकच ओळ: 'पर्वतीचा पायथा, दिवाळीची सुट्टी, १९७१. कॅमेरा बाबांकडे.' ठिकाण आणि साल फोटोच्या मागे आजोबांच्या अक्षरात होतंच. शेवटचे दोन शब्द माझे. घरातल्या अल्बमात बाबा जवळजवळ कुठेच नाहीत, कारण सगळ्या फोटोंच्या अलीकडे तेच उभे होते. फोटोत जे येऊच शकत नाही ते ओळीनं सांगावं. जे दिसतंय ते तिनं पुन्हा सांगू नये.

मागच्या बाजूवर काही लिहिलेलं असतं म्हणून फोटो पानाला डिंकानं डकवू नये, चार कोपऱ्यांत बसवावा. आपल्या जुन्या अल्बमांना हे ठाऊक होतं. काळी जाड पानं, कागदी कोपरे, आणि दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला तलम कागद. मग चिकट पानांचे अल्बम आले. पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा, वर प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा. पडदा उचला, फोटो ठेवा, पडदा दाबा. सोय एवढी झाली की घरोघरची लग्नं-मुंजी त्यांत गेली. आता त्या रेघा पिवळ्या पडून फोटोत उतरल्या आहेत आणि फोटो सुटता सुटत नाहीत. डेंटल फ्लॉसचा साधा, बिनवासाचा धागा कोपऱ्यातून सरकवून करवतीसारखा हलकेच ओढत नेला, तर पुष्कळदा निघतात. नाही निघाले तर जोर करू नये. पानासकट स्कॅन करून घ्यावेत.

वर्तमानपत्राचं मूळ कात्रण फोटोशेजारी लावणं टाळावं. त्या कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं, हवा-उजेड लागला की तो पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि आपलं आम्ल शेजाऱ्यालाही देतो. चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० सालापासून सुती चिंध्यांचा कागद होतो आहे. असा सुती कागद पानाला उत्तम. एसटीची जुनी तिकिटं, कंडक्टरच्या पेटीतली, चिमट्यानं भोक पाडलेली, वर्षानुवर्षं टिकली आहेत. आत्ताचं यंत्रातलं तिकीट उष्णतेनं छापलेलं असतं, त्यावरची अक्षरं बघता बघता उडतात. त्याची प्रत घरी आल्या आल्या काढावी.

मोकळी जागा सोडली की घरातले विचारतात, 'इथं काही लावायचं राहिलंय का?' त्यांना मी मुघलांचे मुरक्के दाखवतो. चित्रं आणि सुलेखनाचे तुकडे कुठून कुठून जमवून, रुंद समासांच्या पानांवर डकवून बांधलेल्या या वह्या. जहांगीरचे चितारी त्या समासांतच सोन्यानं माणसं, पक्षी, झाडं काढत. दारा शिकोहनं पत्नी नादिरा बानूला दिलेला मुरक्का ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात चित्रासमोर चित्र येतं, अक्षरासमोर अक्षर. उघडलेली दोन पानं मिळून एक रचना. आपण एकेक पान सुटं सजवतो आणि वही मिटली की काकांच्या नाकावर आत्याच्या बारशाचा पाळणा येतो. दोन पानं समोरासमोर ठेवून मगच चिकटवायला घ्यावं.

शाळेच्या चिकटवहीत फक्त सण आणि सहली असतात. मोठ्यांच्या वहीत विकलेलं घरही यायला हवं. आमच्या वाड्याच्या पानावर फोटो नाही. शेवटचं वीजबिल आहे, आणि दरवाज्याच्या चौकटीवरच्या, मुलांच्या उंचीच्या खुणांची पातळ कागदावर पेन्सिल घासून घेतलेली छाप. काळी किनार लावायची सूचना आली होती, मी ऐकली नाही. खाली पत्ता लिहिला, पिनकोडसकट.

मोकळ्या जागेचं खरं कारण मला सायकलच्या पानानं कळवलं. डोळ्यांना बरी वाटते म्हणून मी ती सोडली होती. काकांनी चष्मा लावला, पान बराच वेळ बघितलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, 'सायकल माझी नव्हे. तासावर भाड्यानं आणलेली.' दिवाळीत आत्या आली. तिनं त्याखाली लिहिलं, 'भाडं दादानं भरलं.' काकांनी बाण काढून जोडलं, 'अर्धं.' माझी तोललेली मांडणी डावीकडे कलंडली ती कलंडलीच, आणि खोडरबर मी कपाटात ठेवून दिलं आहे. आत्याचं म्हणणं, अजून तिची बाजू पूर्ण झालेली नाही. शेंगदाण्यांचे पैसे कुणी दिले ते लिहायचंय.