पुलावर थांबलेली माणसं

पुणेकर पूल ओलांडतो कमी, पुलावर थांबतो जास्त. खडकवासल्यातून पाणी सोडलं की ते बघायला, विसर्जनाला लकडी पुलाकडे येणारे गणपती बघायला, आणि झेड ब्रिजवर संध्याकाळी कशासाठी ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कागदोपत्री तो काकासाहेब गाडगीळ पूल, दुचाक्यांसाठी बांधलेला. पण कठड्याशी गाडी लावून तासन्‌तास उभी असलेली जोडपी हाही त्याच्यावरचा भारच आहे. पुलांची डिझाइनं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे हे मी गमतीने म्हणत नाही.

पादचारी पूल म्हणजे हलकंफुलकं काम, असा समज अगदी इंजिनिअरिंगच्या मुलांचाही असतो. हिशेब करून बघा. शंभर मीटर लांब, पाच मीटर रुंद पूल धरा. त्यावर दोन रांगांत बंपरला बंपर लावून चाळीसेक मोटारी मावतील; त्यांचं वजन फार तर पन्नास टन. त्याच पुलावर माणसं दाटीवाटीने उभी राहिली, तर गर्दीसाठी दर चौरस मीटरला 500 किलो धरायचे, म्हणजे झाले अडीचशे टन. मोटारींच्या पाचपट! मोटार स्वतःभोवती जागा अडवते, माणूस माणसाला चिकटून उभा राहतो. त्यात काही बघण्यासारखं घडलं की सगळे एकाच कठड्याला धावतात.

मेट्रोच्या छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाकडून मुठेवरून शनिवार पेठेकडे नेणारा पादचारी पूल पाहायला गेलो तेव्हा डोक्यात हेच गणित होतं. ऑगस्ट 2023 मध्ये मेट्रो इथवर आली, पण स्थानक नदीच्या एका काठाला आणि माणसं राहतात दुसऱ्या काठाच्या पेठांत. पूल हवाच होता. असा पूल पाहताना मी एक जुना उद्योग करतो. मधोमध उभं राहायचं, बोटांची टोकं कठड्यावर अलगद टेकवायची, चवड्यांवर उचलून टाचा दणकन खाली आपटायच्या आणि थरथर किती वेळ टिकते ते बोटांनी मोजायचं. येणारेजाणारे बघतात, पण पुण्यात याहून विचित्र व्यायाम रोज पाहायला मिळत असल्यामुळे कोणी काही विचारत नाही. थरथर जाणवावी आणि लगेच विरावी. रेंगाळली तर मात्र कान टवकारावेत.

कारण माणसाच्या चालीला ताल असतो. सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणजे खालच्या दिशेने सेकंदाला दोन ठोके. डावं-उजवं मिळून बाजूला बसणारा हिसका मात्र सेकंदाला एकच. पुलाची स्वतःची लय यातल्या एखाद्याशी जुळली की खेळ सुरू. लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल किंचित डोलला, तोल सावरायला लोकांनी पाय फाकवले, न ठरवता सगळ्यांची पावलं पुलाच्या झोक्याला जुळली आणि झोका वाढत गेला. तो पूल मोडणार नव्हता, फक्त त्यावरून चालवेना. झोका शोषून घेणारे डॅम्पर बसवून तो पुन्हा उघडायला 2002 चा फेब्रुवारी उजाडला.

जुन्यांना ही डोकेदुखी नव्हती. 1867 चा बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल दगडी कमानींचा. त्याचं स्वतःचंच वजन इतकं की वरची माणसं हिशेबातच नाहीत. वाहनं शेजारच्या नव्या पुलावर गेली आणि तो फिरणाऱ्यांचा झाला. तिथे टाचा आपटल्या तर टाचाच दुखतात.

हलका पूल बांधण्यात काही गैर नाही, तो हलका आहे हे विसरण्यात आहे. 15 जून 2025 ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण पाणी बघायला आलेल्या माणसाला फलक दिसत नाही, हे गृहीत धरूनच काम करावं लागतं. अशा पुलावर किती माणसं चढू द्यायची हे आधी ठरवायचं आणि पावसाळ्यातल्या रविवारी ती मोजायला तोंडाशी माणूस उभा करायचा.

हे झालं पायी चालणाऱ्यांचं. राहिली सायकल. सायकलला जिना चालत नाही, चढ लागतो; तोही वीसास एक असला तर बरा. सहा मीटर उंची गाठायची तर एकशेवीस मीटरचा उतार हवा. नारायण पेठेत तेवढी मोकळी जागा काढून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन! म्हणून या भागातल्या सायकलवाल्याला खरा सोयीचा पूल नदीपात्राला लागून असलेला बाबा भिडे पूलच. चढ नाही, दम लागत नाही. फक्त धरणातून विसर्ग वाढला की सगळ्यात आधी पाण्याखाली जातो तोच, आणि मग सायकलवाला मुकाट झेड ब्रिजचा चढ चढतो, कठड्याशी लावलेल्या गाड्यांमधून वाट काढत.