उतारावरचे बैल

मराठी भाषेने 'चढ' या शब्दाला फारसे प्रेमाने वागवलेले नाही. चढाओढ, वरचढ, चढेल, चढाई. या घराण्यातला एकेक शब्द पाहा, प्रत्येकाच्या अंगात थोडी मस्ती आहे. पारा चढतो, आवाज चढतो, दारू चढते. उलट 'उतार' हा मोठा सालस शब्द. तापाला उतार पडला की सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते. विषावर उतारा सापडतो. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा हाती पडला की शेतकरी त्या दिवसापुरता तरी सुखी होतो. फार काय, एसटीत बसलेल्या माणसालाही आपण 'उतारू' म्हणतो, जणू बसल्या क्षणापासून त्या बिचाऱ्याचे सारे लक्ष उतरण्याकडेच लागलेले आहे! मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांच्या अशा खोड्या मला आवडतात. पण मोटार चालवू लागल्यापासून माझी खात्री झाली आहे की या एका बाबतीत भाषेने आपल्याला गाफील केले आहे. रस्त्यावर चढ सालस असतो, आणि मस्ती असते ती उताराच्या अंगात.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात सह्याद्रीसारखे घाट नाहीत. औंढा नागनाथच्या आसपास डोंगर आहेत, तेथून जिंतूरकडे जाताना रस्ता वरखाली होतो. पण कसारा किंवा खंडाळा पाहिलेला माणूस त्याला घाट म्हणायचा नाही. त्यामुळे इकडच्या नवशिक्याला धास्ती असते ती चढाची. मोटार शिकवणारा उस्तादही परीक्षा घेतो ती चढावरच. गाडी मध्येच थांबवायला लावतो आणि म्हणतो, "हं, आता उचला!" मग हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडत जायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. पाय तिथेच थोपवायचा, ॲक्सिलरेटर जरासा दाबायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. मागे हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उभा असला, म्हणजे एवढ्याशा कामात सदरा घामाने भिजतो.

पण चढ हा प्रामाणिक मास्तर आहे. चुकलात की तो तिथल्या तिथे कान धरतो. क्लच लवकर सोडला, इंजिन बंद पडते. उगाच अर्धवट दाबून ठेवला, क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो. उताराचे तसे नाही. तो चुकीला शाबासकी देतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी गाडी धावते, इंजिनाची कुरकुर थांबते, वारा गोड लागतो. अशा वेळी पुष्कळांचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जातो आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडते. "फुकट चालली आहे, चालू द्या. तेवढेच डिझेल वाचते," असे वर सांगायलाही ते विसरत नाहीत.

ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला यातली गोम सांगावी लागू नये. चढावर बैल गाडी ओढतात. उतारावर गाडीच बैलांना ढकलू लागते. तेव्हा बैल पाय रोवून, अंग मागे रेटून भरल्या गाडीचा लोंढा अंगावर तोलून धरतात. त्या वेळी ते काही ओढत नसतात, म्हणून 'आता बैलांचे काय काम?' असे म्हणून कोणी अर्ध्या उतारावर जू सोडून देईल काय? न्यूट्रलमध्ये गाडी उतरवणे म्हणजे नेमके तेच. गाडी गिअरमध्ये असली की चाके इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिन त्यांना विरोध करते. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला अधिक फिरावे लागते, आणि तितका हा विरोध मोठा. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा.

इंजिन सोडले की सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक म्हणजे घर्षण. तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो. मैलोगणती दाबून धरला की तो तापतो आणि त्याची पकड ढिली होते. द्रवावर चालणाऱ्या ब्रेकमधला द्रव उकळू लागला, तर पायाखालचे पेडल मऊ पडून खाली जाते. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदतही थांबते. ट्रकच्या ब्रेकला तर दाबलेली हवा लागते, आणि ती भरणारा पंप इंजिनावरच चालतो. बरे, एवढे करून डिझेल तरी वाचते काय? तेही नाही. आजच्या मोटारी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धुगधुगत ठेवायला थोडे थोडे इंधन जळतच राहते.

हा हिशेब कधी कधी फार महाग पडतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने वीसहून अधिक वाहने उडवली. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे येणारा तो लांबलचक उतार. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. चार पैशांचे डिझेल, आणि त्यापायी रस्ताभर मोडलेल्या गाड्या!

या बाबतीत शहाणपण शिकावे ते रेल्वेकडून. बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातून, १८६५ मध्ये रेल्वे धावू लागली. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. वर जाताना गाडीला मागून जादा इंजिने लावतात, हे पुष्कळांनी खिडकीतून पाहिलेले असते. पण खाली येताना काय करतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उतारावर मुख्य मार्गातून एक फाटा काढून तो उलट चढावर नेलेला आहे. बेफाम सुटलेली गाडी त्यात शिरून थांबावी, हा त्याचा उपयोग. उतरणाऱ्या गाडीने त्याच्या अलीकडे थांबायचे, आपण काबूत आहोत हे दाखवून द्यायचे आणि मगच पुढची वाट घ्यायची. दीडशे वर्षांच्या अनुभवाची रेल्वे उतारावर स्वतःच्या ब्रेकवरही आंधळा विश्वास टाकीत नाही. आणि आपण मात्र एका हाताने मोबाइल सावरीत घाट उतरतो.

हे आजच लिहायचे कारण दिवाळी. आमच्याकडची कितीतरी मुले नोकरीसाठी मुंबईला असतात. सणाला गावी येताना ती घाट चढून येतात. उल्हास असतो, सावधपणाही असतो. भाऊबीज आटोपली की डिकीत चकल्यांचे डबे आणि डोळ्यांत झोप घेऊन तोच प्रदेश उतरायचा असतो. २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला, इगतपुरीजवळच्या बोगद्याने कसाऱ्याची वळणे टळली. पण पठारावरून कोकणात जायचे म्हणजे उतरणे आलेच. क्लच नसलेल्या नव्या मोटारींनाही यातून सुटका नाही. त्यांतही बहुधा खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती शोधून ठेवावी.

डोंगरी रस्त्याचा आपल्याकडचा एक नियम मला फार आवडतो. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असे १९८९ च्या वाहतूक नियमांत लिहिलेले होते, आणि २०१७ च्या नव्या नियमांनीही ते टाकलेले नाही. कारण उघड आहे. चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलताना किती कष्ट पडतात, हे नुकताच उस्तादाच्या हाताखालून गेलेला कोणीही सांगेल. नियम सौजन्याचा आहे, पण त्यातली मेख निराळीच आहे. वाट द्यायची तर आधी थांबता आले पाहिजे. ज्याने अर्ध्या वाटेवर बैल सोडून दिले, त्याच्या मनात सौजन्य कितीही असो, समोरून धापा टाकीत चढत येणाऱ्याला तो ते देणार कसे?