टिपकाच

'डिटेक्टर' या शब्दासाठी मराठीत रूढ झालेला 'शोधक' मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे. हरसूलला आमच्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले टिपण भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे दिले, तेव्हा हे असमाधान पुन्हा उफाळून आले.

विषय अतिशीत न्यूट्रॉनचा होता. तुर्भ्याला १९५६ साली 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, तेव्हापासून न्यूट्रॉन महाराष्ट्राला परका नाही. पण अशा भट्टीत मंद केलेला न्यूट्रॉनही सेकंदाला सुमारे २ किलोमीटर धावतो. अतिशीत न्यूट्रॉन मात्र सेकंदाला ५ मीटरच्या आसपास, सायकलच्या गतीने जातो; वर उडाला तर सव्वा मीटर चढून खाली येतो.

त्याला विद्युतभार नसल्याने तो स्वतः खूण उमटवीत नाही. म्हणून काचेत लिथियम-६ घालतात. त्याचे अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळून दुभंगते, दोन तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि काचेतील सीरियम क्षणभर चमकते. न्यूट्रॉन उरतच नाही. चमकेची ऊर्जाही लिथियमच्या केंद्रातली. आलेल्याच्या संथपणाचा तिच्यात मागमूस नसतो.

इतका संथ कण पृष्ठभागापाशीच गिळला जातो, त्यामुळे एक तुकडा बाहेर निसटण्याची भीती. म्हणून वर लिथियम-६ जवळजवळ काढून टाकलेली दुसरी पातळ काच बसवतात. न्यूट्रॉन तिच्यातून पार होतो. उलट फिरलेला तुकडा तिच्यातच अडकून चमकतो. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेच्या ज्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात अशीच जोडकाच होती.

शोधक हिंडतो, धुंडाळतो. ही काच जागची हलत नाही. 'साक्षी' म्हणावे तर तो अलिप्त असतो. मला 'टिपणे' सुचले. पाखरू दाणा टिपते, टिपकागद शाई टिपतो, आपण मजकूर टिपून घेतो: गिळणे आणि नोंदणे एकाच क्रियापदात. म्हणून 'टिपकाच'. घाईत वाचल्यास 'टिपका' आणि 'च' असे फुटते. एका चमकेपुरते तेही खरेच.

सहकाऱ्याचा आक्षेप रास्त होता. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या आमच्या मुलांना प्रमाण मराठीच अर्धी परकी. त्यात उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला अनोळखी शब्द दिसला तर गुण त्यांचेच जायचे. टिपणात 'शोधक' कायम राहिला. वर्गात मात्र तो आता 'टिपकाच' म्हणतो.