अर्ध्या आण्याची हद्द

भोरचं नाव काढलं की आमच्या ऑफिसातल्या पोरांना तीन गोष्टी आठवतात. राजवाडा (म्हणजे त्यात झालेली सिनेमांची शूटिंगं), पावसाळ्यातला वरंधा घाट आणि कापूरहोळ फाट्यावरचा चहा. माझी चौथी गोष्ट म्हणजे भोरचं पोस्टाचं तिकीट. ती सांगायला लागलो की लोक मोबाइलकडे बघायला लागतात, म्हणून इथे लिहितोय. इथे तुम्ही मधेच खिडकी बंद केलीत तरी मला कळणार नाही :)

तर मंडळी, भोर संस्थानाने १८७९ साली स्वतःची पोस्टाची तिकिटं काढली होती. एक अर्ध्या आण्याचं, एक आण्याचं. हाताने शिक्का मारून उमटवलेली, लालसर, ओबडधोबड. कडेला भोकं नाहीत, मागे डिंक नाही. तिकीट म्हणून कोणी दाखवलं नाही तर स्टॅम्पपॅडचा डाग समजून सोडून द्याल. पण जगभरातले तिकीटवेडे लोक आजही त्यांची नोंद ठेवतात, आणि स्टॅन्ले गिबन्सच्या जाडजूड कॅटलॉगात काश्मीर, हैदराबाद, ग्वाल्हेर असल्या बड्या मंडळींच्या पंगतीत आपलं भोरही बसलेलं आहे.

हे संस्थान पंत सचिवांचं. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, त्यांचं हे घराणं. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि साताऱ्याचे हे जहागीरदार इंग्रजांचे मांडलिक झाले. जाता जाता एक गंमत. तेव्हा साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता बार्टल फ्रियर. तो पुढे सिंधचा कमिशनर झाला आणि १८५२ मध्ये त्याने तिथे 'सिंध डाक' नावाची तिकिटं काढली. आशियातली पहिली!

भोरचा मुलूख साधारण नऊशे चौरस मैल. १९०१ च्या शिरगणतीत माणसं १ लाख ३७ हजार. म्हणजे आजच्या पुण्याचं एखादं मोठं उपनगर. पण तालुक्यांची नावं बघा: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. पाचातले चार तालुके सरळ किल्ल्यांच्या नावाचे. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं तेव्हा टीव्हीवर बरीच चर्चा झाली. भोरच्या जुन्या दप्तरात राजगड तालुका आधीपासून होता, हे कोणी बोललं असेल तर माझ्या ऐकण्यात आलं नाही. आणि सुधागड तर थेट सह्याद्रीच्या पलीकडे, अष्टविनायकातल्या पालीचा भाग. राज्य एक, मधे अख्खा घाट.

आता तिकिटाची खरी अडचण. ते फक्त संस्थानाच्या हद्दीत चालायचं. ग्वाल्हेर, पतियाळासारख्या पाच-सहा संस्थानांचे इंग्रजांशी टपालाचे करार होते, त्यांची तिकिटं सगळ्या हिंदुस्थानात चालत. भोर त्या यादीत नव्हतं. पत्र हद्दीबाहेर, अगदी पुण्याला जायचं असलं तरी त्याला इंग्रज सरकारचं तिकीट हवं.

आणि वर्ष बघा, १८७९. त्याच वर्षी १ जुलैला इंग्रजांच्या टपालखात्याने पोस्टकार्ड काढलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात कितीही लांब जात होतंच, आता चार ओळींचं कार्ड एका पैशात पेशावरपर्यंत जायला लागलं. पुढच्याच वर्षी १ जानेवारीला पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली. म्हणजे मुंबईच्या गिरणीत लागलेला मावळातला पोरगा गावी आईला पैसे पाठवू शकत होता. त्याला भोरच्या तिकिटाचा काय उपयोग? त्याचं सगळं जग हद्दीबाहेर गेलेलं. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. तुमचं ॲप कितीही देखणं असो, समोरचा माणूस त्यावर नसेल तर ते बंद पडणार.

तरीही १९०१ मध्ये पंत सचिवांनी आणखी एक अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं. या वेळी नीट छापलेलं, वर स्वतःचा, म्हणजे शंकरराव चिमणाजींचा चेहरा. पत्र नेण्यासाठी याची फारशी गरज नव्हती असं माझं मत. पण राणीचा चेहरा घरोघरी पोचतोय, मग आपला का नाही, असं त्या माणसाला वाटलं असेल तर मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यानंतर भोरचं तिकीट निघालं नाही. ८ मार्च १९४८ ला संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं, आणि भोर पुणे जिल्ह्यातला एक तालुका झाला.

टपालाला मात्र ह्या हद्दींचं कधीच फार कौतुक नव्हतं. पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवीही होते, ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. भोरचा पिन ४१२२०६. आता वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६. दोन्ही सातारा जिल्ह्यात, पण पहिले तीन आकडे भोरचे, साताऱ्याचे ४१५ नाहीत. ते तीन आकडे टपालाची छाननी कुठे होते ते सांगतात, कलेक्टर कुठे बसतो ते नाही. पत्त्याच्या डेटाबेसवर काम करताना पिनवरून जिल्हा काढणाऱ्या उत्साही लोकांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

मला हे तिकीटवेड लागलं ते आत्यामुळे. आत्या भोरला राहते, बाबा कोथरूडला माझ्याकडे. २००८ मध्ये तिथलं जुनं घर विकण्यावरून दोघांचं बिनसलं. कोण बरोबर होतं ते लिहीत नाही, दोघांचंही थोडं थोडं पटतं. तेव्हापासून फोन नाही, जाणं-येणं नाही. पण दर श्रावणात आत्याचं पाकीट येतं, रजिस्टर ए.डी. आत राखी आणि कागदाच्या पुडीत अक्षता. चिठ्ठी नाही. बाबा पोस्टमनला बसवतात, पाणी देतात, चष्मा शोधतात आणि पोचपावतीच्या कार्डावर सही करतात. राखी बांधून घेतात माझ्या बायकोकडून. विषय संपला.

मला वाटायचं आत्या रजिस्टर करते ते पाकीट हरवू नये म्हणून. मग दोन वर्षांपूर्वी भोरला गेलो होतो. घरात कुठे जुनी तिकिटं, पाकिटं आहेत का, म्हणून विचारलं. तिने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तिकिटं नव्हतीच. रबर लावून ठेवलेल्या पोचपावत्या होत्या, २००९ पासूनच्या सगळ्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या. बाबांच्या सह्या.

"ही बघ," तिने एक बाहेर काढली, "ह्या वर्षी सही खाली उतरलीय. तेव्हा तो आजारी होता ना?"

होते. बायपास झाली होती. तिला कोणी कळवलं नव्हतं.

"आणि यंदाची थरथरलीय. साखर वाढलीय का रे त्याची?"

मी हो म्हटलं. तिने कार्ड परत रबरात घातलं, डबा बंद केला आणि चहा टाकायला गेली. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या श्रावणात कार्डावर सही करण्याआधी त्यांनी शेजारच्या वर्तमानपत्रावर दोनदा करून बघितली, एवढं मी पाहिलं.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. त्या साली राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती, म्हणजे तेव्हाचं पाकीट शेवटचं रजिस्टर. आत्याने पेपरात वाचलं आणि लगेच मला फोन केला. पार्सल वेगाने पोचतं, मोबाइलवर कळतं, ओटीपी येतो, वगैरे मी समजावून सांगत होतो.

"ते राहू दे," ती म्हणाली. "सहीची पोच मिळते का?"

मी बघून सांगितलं, मिळते, वेगळे पैसे पडतात.

"पडू देत. ओटीपी बघून मला काय कळणार?"