खार आणि अळंबी

अमेरिकेच्या वायव्येस, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, डग्लस फर वृक्षांची पुरातन अरण्ये आहेत. तेथे दोन लहानसे जीव नांदतात. एकाचे घर वृक्षाच्या ढोलीत, तर दुसऱ्याचे मातीच्या उदरात. एक उडणारी खार, दुसरी भूमिगत अळंबी.

वरवर पाहता या दोघींत काडीचेही साम्य नाही. खार मोठी चपळ. रात्र पडली की ती ढोलीबाहेर येते आणि चारही पाय ताणून स्वतःला अंधारात झोकून देते. मनगटापासून घोट्यापर्यंत असलेली तिची त्वचेची झालर पतंगासारखी पसरते आणि चपट्या शेपटीने तोल सावरीत ती 20 मीटरांवरील झाडाला अलगद बिलगते. पक्ष्याप्रमाणे वर झेपावणे मात्र तिला साधत नाही. ती केवळ वरून खाली तरंगत जाते.

अळंबीला तर जागचे हलताही येत नाही. छत्रीसारखी उगवणारी अळंबी आपले बीजाणू वाऱ्यावर सोडते; परंतु ही पडली मातीखाली, लहानशा बटाट्यासारखी बंद! मग तिचा वंश वाढावा कसा? तिच्यापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे गंध. ती पक्व झाली की तिचा वास मातीतून वर दरवळतो. त्या वासाच्या मागाने खार जमिनीवर उतरते, माती उकरते आणि अळंबी खाते. बीजाणू तिच्या पोटात पचत नाहीत. विष्ठेवाटे ते रानात दूरवर पडतात.

या भोजनासाठी खारीला प्राण पणाला लावावे लागतात. ठिपकेदार घुबड तिच्यावर टपलेले असते. इकडे रुजलेल्या अळंबीचे तंतू वृक्षांच्या मुळांना वेढतात, त्यांना पाणी व क्षार पुरवतात आणि मोबदल्यात साखर घेतात. 60 मीटरांहून उंच वाढणारा वृक्षही या तंतूंचा ऋणी असतो!

माणसाने ही जुनी अरण्ये तोडली, तेव्हा ढोली गेल्या आणि घुबडांचा निवाराही गेला. अखेर 1990 साली तेथील सरकारला या घुबडाची नोंद धोक्यात आलेल्या जीवांत करावी लागली.

खारीला अरण्य राखण्याची जाणीव नसते. ती केवळ आपली भूक भागवते. अळंबीलाही परोपकार ठाऊक नसतो. तरीही दोघींच्या देवघेवीतून अरण्य उभे राहते. झाड तोडणाऱ्याला मात्र खोड तेवढे दिसते. मुळाशी चाललेला हा संसार दिसत नाही.