अब्बांच्या शेजारची जागा

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी बीबी का मकबरा पाहायला गेलो होतो. घुमट, मिनार, कारंज्यांचा लांबलचक रस्ता पाहून मुलं हरखली होती. तेवढ्यात नववीतल्या एकाने विचारलं, "सर, एका बेगमचा मकबरा एवढा, तर सौदीच्या बादशाहांचा केवढा असेल?"

मी म्हणालो, "त्यांचा मकबराच नाही. कबरीवर साधं नावसुद्धा नाही."

मुलांना ते खरं वाटेना. त्यांना रियाधच्या अल-ऊद कब्रस्तानाबद्दल सांगता सांगता मला माझ्या अब्बांची कबर आठवत राहिली.

अब्बा १९८८ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून रियाधला गेले आणि २०१०मध्ये परतले. बावीस वर्षं त्यांनी एका सौदी घराण्याकडे ड्रायव्हरची नोकरी केली. बत्था भागात एका खोलीत आठ माणसं राहायची. कुणी केरळचा, कुणी बिहारचा, कुणी पाकिस्तानचा. अल-ऊद कब्रस्तान तिथून जवळच. गाडी घेऊन अब्बा रोज त्या भिंतीवरून जायचे, पण आत जायचा प्रसंग एकदाच आला, तोही मालकांच्या वृद्ध वडिलांच्या मय्यतीला.

तो दिवस ते पुन्हा पुन्हा सांगायचे. आत ना कमानी, ना चौथरे, ना फुलं. नजर पोचेल तिथवर माती, खडी आणि लहान लहान उंचवटे. दफन झाल्यावर अब्बांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "शाह फैसल यांची कबर कोणती?" तो म्हणाला, "कोणती म्हणून काय विचारतोस? हात उचल आणि सगळ्यांसाठी दुआ कर."

सौदी राज्याचे संस्थापक राजे अब्दुलअजीझ १९५३ साली वारले, ते याच कब्रस्तानात दफन आहेत. त्यांचे पुत्र राजे सऊद १९६९ साली दूर ग्रीसमध्ये वारले, त्यांनाही इथेच आणलं. १९७५ साली हत्या झालेले राजे फैसल, १९८२ साली वारलेले राजे खालिद, सगळे इथेच. आणि त्याच मातीत रियाधची साधी माणसंही.

१ ऑगस्ट २००५ रोजी राजे फहद यांचं निधन झालं तेव्हा अब्बा रियाधमध्येच होते. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या आठही जणांनी टीव्हीवर जनाजा पाहिला. इमाम तुर्की बिन अब्दुल्लाह मशिदीत जनाजाची नमाज झाली आणि साध्या कपड्यात गुंडाळलेली मय्यत खांद्यावरून अल-ऊदला नेली गेली. देशाचा झेंडासुद्धा अर्ध्यावर उतरवला नाही, कारण त्यावर कलमा लिहिलेला आहे. २०१५च्या जानेवारीत राजे अब्दुल्लाह एका शुक्रवारी पहाटे वारले आणि त्याच दिवशी असरनंतर ते दफनही झाले. तेव्हा अब्बा गावी होते. टीव्ही बंद करून एवढंच म्हणाले, "आमच्या मालकांच्या वडिलांचे शेजारी झाले."

कुणी म्हणेल, मेल्यावर सारखे, पण जिवंतपणी काय? प्रश्न रास्त आहे. राजा महालात राहत होता आणि माझे अब्बा आठजणांच्या खोलीत. सुट्टीसाठी त्यांना दोन-दोन वर्षं वाट पाहावी लागे. कबरीवर खडी टाकली म्हणून तो हिशेब मिटत नाही, तो अल्लाहच्या दरबारात व्हायचाच आहे. पण निदान मेल्यानंतर तरी जागेचा आणि दगडाचा मोठेपणा उरू नये, एवढं आपल्या हातात असतं. ते आपण करतो का, याची परीक्षा माझ्या घरात झाली.

२०१९ साली अब्बा वारले. गावच्या कब्रस्तानात, आंब्याच्या झाडापलीकडे त्यांना दफन केलं. कुवेतला असलेल्या धाकट्या भावाने पैसे पाठवले. संगमरवरी कठडा करायचा, नाव कोरायचं आणि शेजारची जागा अम्मीसाठी आत घ्यायची. मला ते पटत नव्हतं. कबरी पक्क्या करण्याला आणि त्यांच्यावर बांधकाम करण्याला प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पण अम्मी म्हणाली, "कोकणातला पाऊस. दोन वर्षांत माती बसेल. मग नातवंडांनी कुठे उभं राहून दुआ करायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अब्बांचं नाव कुठेतरी राहावं, असं मलाही वाटत होतं. काम लांबणीवर पडत गेलं.

२०२१च्या जुलैत चिरेखाणीवरचा एक परप्रांतीय मजूर तापाने दगावला. गाव दूर, घरी पैसा नाही, मय्यत पाठवणं अशक्य. जमातीची माणसं पावसात कब्रस्तानात जमली. खालच्या भागात पाणी भरलेलं. वरच्या भागात प्रत्येक घराण्याने आपापली रांग धरलेली, कठडे बांधलेले. जो तो दुसऱ्याच्या रांगेकडे बोट दाखवत होता. कोरडी आणि मोकळी जागा एकच होती, अब्बांच्या शेजारची. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. ती जागा माझ्या अम्मीची होती.

घरी येऊन मी अम्मीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे अब्बा बावीस वर्षं परक्या माणसांच्या शेजारीच झोपले. त्यांना सवय आहे. जा, मय्यत भिजत असेल."

त्या संध्याकाळी आम्ही त्या मजुराला अब्बांच्या बाजूला ठेवलं. मूठभर माती टाकताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. जे अम्मीला क्षणात कळलं, त्यासाठी मला घरापर्यंत जावं लागलं होतं.

रात्री भावाला फोन केला. तो आधी चिडला, मग रडला. संगमरवर आला नाही. त्या पैशांतून जमातीने कब्रस्तानात पत्र्याची शेड घातली, म्हणजे पावसात मय्यत भिजणार नाही.

अम्मीच्या प्रश्नाचं उत्तरही हदीसमध्येच सापडलं. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांना दफन केल्यावर प्रेषितांनी (स.) एक दगड आणायला सांगितला. आणणाऱ्याला तो उचलेना, तेव्हा त्यांनी स्वतः बाह्या सारून दगड उचलला आणि कबरीच्या डोक्याशी ठेवला, आपल्या भावाची कबर ओळखता यावी म्हणून. अबू दाऊदमध्ये हे आलं आहे. ओळखीची ओढ इस्लामने नाकारलेली नाही, नाकारला आहे तो थाट.

आम्ही जांभ्याचे दोन चिरे आणले. एक अब्बांच्या उशाशी, एक त्या मजुराच्या. दोन्हींवर नाव नाही. नातवंडं जातात तेव्हा दोघांसाठी हात उचलतात.

आपल्या गावच्या कब्रस्तानातही अशा धरलेल्या रांगा असतील. पुढच्या वेळी मय्यतीला जाल तेव्हा जरा पाहा, एखाद्या परक्यासाठी तिथे जागा आहे का. अल्लाह सर्व मरहूमांची मगफिरत करो. आमीन.