ऱ्हाईनकाठचे किल्ले

किल्ला म्हटला की मराठी मनापुढे स्वराज्य उभे राहते. कन्या-जावयांच्या आग्रहावरून आम्ही उभयता जर्मनीस गेलो, तेव्हा हीच दृष्टी घेऊन ऱ्हाईन नदीच्या बोटीत बसलो. बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंतच्या सुमारे ६५ किलोमीटरांच्या खोऱ्यात ४० च्या आसपास किल्ले आहेत. खाली द्राक्षमळे, वर बुरूज. दृष्टी ठरत नाही.

काउब गावापाशी तर भर पात्रातील खडकावर जहाजाच्या घाटाचा एक किल्ला आहे. चौदाव्या शतकात त्याचे बांधकाम सुरू झाले, ते जाणाऱ्या-येणाऱ्या नावांकडून जकात घेण्यासाठी. हे ऐकून सात वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, आपलेही किल्ले जकातीचेच का?" आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा, ते राज्य राखण्यासाठी होते." परंतु त्याने अद्याप एकही मराठी किल्ला पाहिलेला नाही, त्याला हे केवळ शब्दांनी कसे पटावे?

राइनफेल्सचा अजस्र किल्ला फ्रेंचांनी १७९७ मध्ये सुरुंगांनी उडविला. मार्क्सबुर्ग मात्र अभंग राहिला. १९०० मध्ये दुर्गप्रेमींच्या एका संस्थेने तो विकत घेतला आणि आजवर निगुतीने जपला.

हे खोरे २००२ मध्ये जागतिक वारसा ठरले. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्लेही त्या यादीत आले; त्यांपैकी जिंजी तामिळनाडूत, आपणां वाचकांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर आहे. नातू सुट्टीत येईल, तेव्हा त्याचे बोट धरून प्रथम तेथेच जाण्याचे आम्ही योजिले आहे.